उपटलेली खुंटी

शनिवारी सकाळी वीस माणसं फावडी घेऊन येणार होती आणि गुरुवार उजाडला तेव्हा मेदेरच्या नव्या घराची एक खुंटी पुन्हा उपटलेली होती.

काल उपटलेली होती तीही हीच. फाटकाकडची, उजव्या कोपऱ्यातली. सुतळी गवतावर सैल पडली होती, बाकीच्या खुंट्या जिथल्या तिथे होत्या. काल त्याने कुत्र्याला शिव्या घातल्या होत्या. आज कुत्र्याकडे बघायची त्यालाच लाज वाटली, कारण खुंटी जुन्या घराच्या खिडकीत, माती पुसून, नीट आडवी ठेवलेली होती. कुत्रं एवढं टापटिपीचं नसतं. आणि ती खिडकी त्याच्या आईच्या, उमसुन अपाच्या खोलीची होती.

खुंटी मेदेरने पुन्हा ठोकली, सुतळी ताणली, दोन्ही कर्ण फिरून मोजले. घर काटकोनात होतं. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते टेपने मोजता येत नव्हतं.

घर पाहावं बांधून म्हणतात. मेदेरने घरं बांधून इतकी पाहिली होती की त्याला वाटायचं, आपलं बांधताना आपल्याला काय अवघड जाणार? अकरा वर्षं तो रशियात, येकातेरिनबुर्गच्या आसपास लोकांची घरं बांधत होता. कुणा दंतवैद्याचं, कुणा लाकडाच्या व्यापाऱ्याचं. दिवसा त्यांचे पाये भरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत चौकटीच्या वहीत स्वतःचं घर काढायचं. अशा त्याच्या सात वह्या भरल्या होत्या. धाकटा मुलगा तो. बापाचं घर, बापाची चूल आणि आई धाकट्याकडे राहते, हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं. दोन्ही थोरले भाऊ राजधानीत, बिश्केकला आपापल्या फ्लॅटमध्ये सुखात होते. अक-तेरेक गावातलं हे मातीचं घर, त्यापुढचं अंगण, मागची जर्दाळूची झाडं आणि पाण्याचा पाट एवढं त्याच्या वाट्याचं.

मार्चमध्ये तो बायकोला घेऊन परत आला, ते त्यातली शेवटची वही छातीशी धरूनच. नवं घर पुढच्या अंगणात उभं करायचं, तोवर जुन्यात राहायचं, नव्यावर छप्पर चढलं की जुनं पाडायचं. चार खोल्या, पाहुण्यांची मोठी खोली, घरात संडास, घरात गरम पाणी. आणि दक्षिणेला, फाटकाकडच्या कोपऱ्यात, तीन बाजूंनी काचेची एक खोली. दंतवैद्याच्या आईसाठी त्याने तशीच बांधली होती. बाहेर उणे पंचवीस असताना ती म्हातारी आत उघड्या डोक्याने बसून मोजे विणायची. तिच्या जागी मेदेरला आपली आई दिसली होती, आणि त्या दिवसापासून त्याच्या वहीतल्या प्रत्येक नकाशात ती खोली होती. बाकी सगळं त्याने शंभरदा बदललं. काचेच्या खोलीला हात लावला नाही.

आता ज्या कोपऱ्याची खुंटी उपटली जात होती, तो त्याच खोलीचा कोपरा होता.

लोकांचं म्हणाल तर लोक आठवडाभर आडून आडून काहीतरी बोलत होते, आणि मेदेरला त्याचा राग येत होता. सोमवारी गवंडी ओरोझ उस्ता आखणीला आला. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. त्याने सुतळ्या बघितल्या, काचेच्या खोलीपाशी थांबला आणि मान चोळत विचारलं की हा तुकडा हवाच का. अपासाठी आहे, मेदेर म्हणाला. उस्ता म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना अंगण मोकळं लागतं. गाडी वळायला भरपूर जागा सोडली आहे, असं मेदेरने त्याला टेप लावून दाखवलं.

"गाडीचं नाही म्हणत मी," उस्ता म्हणाला आणि चहा मागितला.

मंगळवारी सातार आबा आले. मेदेरच्या वडिलांचे धाकटे भाऊ ते. फाटकातूनच बोलायची त्यांना सवय. पलीकडच्या गल्लीतल्या त्या कानात नावाच्या माणसाचं दुमजली घर बघितलंस का, त्यांनी विचारलं. अंगणभर फरशी घातली आहे, फाटक आपोआप उघडतं, पण वेळ आली तेव्हा काय झालं? एवढं बोलून आबांना खोकला आला. कसली वेळ, मेदेरने विचारलं. आबा म्हणाले, वेळ सांगून येते होय, आणि तोंड फिरवून गेले.

मेदेरने दोघांनाही मनातल्या मनात जुनाट ठरवून टाकलं. पण झोपेत त्याला कोपऱ्यावर कोपरे दिसू लागले, आणि एकही जुळत नव्हता.

गुरुवारी न्याहारीला तो आईसमोर बसला. अपाने नेहमीसारखा अर्धीच वाटी चहा ओतला. आवडत्या माणसाला भरून देत नाहीत, पुन्हा पुन्हा देतात. त्याने भाकरी मोडली, ती तशीच हातात धरली आणि विचारलं की खुंटी तिने काढली का.

"पायात येत होती," अपा म्हणाली.

फाटकाकडे जायला वेगळी वाट ठेवली आहे, तो म्हणाला. ती म्हणाली, आहे की. मग त्याने एकेक गोष्ट पुढे केली. जुनं घर पाडायचं मनात नाही का? ती म्हणाली, गळतंय, पाडायलाच हवं. स्वयंपाकघर लहान वाटतं? नाही. घरात संडास घेतला तो आवडला नाही? गावात या एका मुद्द्यावर तीन म्हाताऱ्यांनी मुलांशी अबोला धरला होता, म्हणून त्याने हा प्रश्न श्वास धरून विचारला.

"तो घेतलास ते फार बरं केलंस. माझे गुडघे किती दुखतात."

"मग काय, अपा?"

"चहा पी. गार होतोय."

त्याने विचारलं, शनिवारी बाता देशील ना? बाता म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाने दोन्ही तळवे उघडून दिलेला आशीर्वाद. तो मिळाल्याशिवाय पायाच्या चरीत बोकडाचं रक्त पडत नाही आणि गावातलं कुणी फावड्याला हात लावत नाही. मेदेरचे वडील नव्हते. बाता देणारी अपाच होती.

"बघू," अपा म्हणाली.

हे 'बघू' मेदेर लहानपणापासून ओळखत होता. सायकल मागितली तेव्हा हेच 'बघू' मिळालं होतं, आणि सायकल काही आली नव्हती.

तो दिवस त्याने नकाशे काढण्यात घालवला. पाहुण्यांची खोली वाढवली, पायऱ्या कमी केल्या, अपाच्या खोलीचं दार चुलीच्या बाजूला वळवलं. प्रत्येक कागद तिच्यापुढे नेला. तिने दर वेळी चष्मा लावला, कागदावर बोट फिरवलं, छान आहे म्हणाली आणि कागद परत दिला. संध्याकाळ झाली तशी ती उठून अंगणात गेली. फाटकापासून निघाली, ओठ हलवत, पावलं मोजत. सुतळीपाशी आली, अडली, परत फिरली. सोमवारपासून रोज हेच चाललं होतं. मेदेर खिडकीतून बघत होता. आपण तिच्यासाठी घर बांधतो आहोत की तिला घराबाहेर काढतो आहोत, हेच त्याला कळेना.

बायको, जिपारा, कणीक मळत होती. त्याने तिला विचारलं की अपा तुला काही बोलली का. तिचे हात थांबले.

"मला नको विचारूस. मी सून आहे."

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, कणकेकडेच बघत, "त्यांनाच विचार. कागद घेऊन जाऊ नकोस, आणि टेपही नको."

शुक्रवारी दुपारी खुंटी जागेवर होती, आणि त्याने मेदेरला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. अपाने हात टेकले असावेत. उस्ता फक्कीचं पोतं घेऊन आला. सुतळीवरून फक्की मारली की घर पक्कं. सुतळी हलवता येते, चुन्याची रेघ एकदा वीस जणांनी पाहिली की ती हलत नाही. बोकड मागे झाडाला बांधलेला होता. जिपाराच्या मदतीला शेजारच्या बायका येऊन उद्यासाठी बटाटे सोलत होत्या. फक्की मारू का, उस्ताने विचारलं. मेदेरने त्याला थांबवलं.

ऊन डोंगराआड उतरत होतं. अपा बाहेर आली आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. मेदेर रिकाम्या हातांनी तिच्याकडे गेला.

"अपा, तुला हे घर नको असेल तर आत्ता सांग. मी उद्याचं रद्द करतो. पण असं मुकाट फिरू नकोस, मला सहन होत नाही."

अपा त्याच्याकडे वळली.

"तुझ्या बापाचा तंबू कुठे होता?" तिने विचारलं.

तो गोंधळला. गेलेल्या माणसाला मातीत नेईपर्यंत तंबूत ठेवायची गावाची रीत होती. अंगणात, तो म्हणाला.

"अंगणात कुठे?"

मेदेरने अंगणभर नजर फिरवली. खुंट्या, सुतळ्या, वाळूचा ढीग, विटांची थप्पी. त्याला माहीत नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत असेल, त्याला नव्हतं. बाप गेला तेव्हा तो दंतवैद्याच्या घराचा स्लॅब ओतत होता आणि मोबाइल खोपटात कोटाच्या खिशात होता. नऊ वर्षं झाली त्याला. निरोप कळून, तिकीट मिळून, बर्फातून तो पोचला तेव्हा पाचवा दिवस होता. वडील मातीत गेले होते, तंबू सोडून नेला होता, आणि अंगणावर रात्रीतून बर्फ पडला होता. त्याने पांढरं अंगण पाहिलं, एवढंच. अपाने त्याला जवळ घेतलं होतं आणि एका शब्दाने काही विचारलं नव्हतं.

"ये," अपा म्हणाली.

ती फाटकापासून पावलं मोजत चालू लागली. अकराव्या पावलाला काचेच्या खोलीची सुतळी आली. ती त्याच्या खांद्याला धरून सुतळी ओलांडून आत गेली.

"हे दार. फाटकाकडे तोंड. लोकरीच्या नमद्याचा मोठा तंबू होता, सातारच्या सासऱ्याकडचा. इथपासून तिथपर्यंत." तिने हाताने गोल दाखवला, काचेची खोली जवळजवळ सगळी त्याच्या आत येत होती. "तुझे वडील इकडे, डाव्या अंगाला, पडद्यामागे. आम्ही बायका उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून. आणि दाराबाहेर मुलं, कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकलेली. हा थोरला. त्याच्या शेजारी मधला." ती एक पाऊल पुढे सरकली. "आणि इथे कोणी नव्हतं. सातार म्हणाला, तुझ्या चुलतभावाला उभं करू, मोकळं दिसतं. मी म्हटलं, राहू दे मोकळं."

मेदेर खाली गवताकडे बघत राहिला. त्या जागी त्याने पाण्याचा नळ योजला होता.

"आतून काही दिसत नाही," अपा सांगत होती. रागाने नाही, कालची गोष्ट सांगावी तशी. "माणसं फाटकातून रडत येतात, मुलं रडून उत्तर देतात. आत सगळं आवाजावरून कळतं. हा थोरला, हा मधला, हा सातार. तीन दिवस मी कान लावून होते. म्हटलं, आला तर आवाजावरून कळेलच."

तो म्हणाला, मग हे सोमवारीच सांगायचंस.

"कसं सांगणार? पोराने इतकी वर्षं माझ्यासाठी काचेची खोली काढली, आणि मी म्हणू की तिथे मला माझं मरण मांडायचंय? आणि म्हटलं असतं तर तू काय म्हणाला असतास? 'अपा, असं अभद्र बोलू नकोस.'"

हेच शब्द त्याच्या जिभेवर होते. त्याने ते गिळले.

"कानातची आई सेयिल गेली तेव्हा तिला रस्त्यावर ठेवावं लागलं," अपा म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात. केवढं घर, आणि अंगणात तंबूला जागा नाही. सेयिल माझ्या बरोबरीची होती रे. आम्ही आत बसून रडत होतो आणि बाहेर गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मला रस्त्यावर नको ठेवूस. एवढंच."

एवढंच होतं तर. उस्ताला ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, कणीक मळणाऱ्या जिपाराला ठाऊक होतं. आणि जिवंत आईसमोर तिच्या मरणाची जागा मोजायची कुणाची छाती नव्हती. सुनेने काढला असता तो विषय, तर गावाने तिला जगू दिलं नसतं. त्या जागी तंबू उभा राहिलेला ज्याने पाहिला त्याने तिथे भिंत काढलीच नसती. पाहिला नव्हता तो एकट्या मेदेरने.

घर चार पावलं मागे घेता येईल का, हे त्याने डोक्यातल्या डोक्यात मोजून पाहिलं. मागे जुनं घर होतं, त्यामागे पाट. नव्हतं येत. जुनं पाडल्यावर मागे जागा झाली असती, पण तंबूचं दार फाटकासमोरच लागतं. मग त्याने वाकून उजव्या कोपऱ्याची खुंटी स्वतःच्या हाताने उपटली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. सुतळी घाईने गुंडाळली, म्हणून गुंता झाला. उस्ता येऊन तो सोडवू लागला.

"कोपरा गेला की छप्पर सोपं जातं," उस्ता म्हणाला. "काचेवर बर्फ साठतो. मी सांगणारच होतो."

"तू काय सांगणार होतास ते मला कळलं, उस्ता."

दोघांनी मिळून उरलेल्या घराला फक्की मारली. पोत्यात थोडा चुना उरला. मेदेरने मूठ भरली, तंबूची जागा आता कधी विसरायला नको म्हणून गोल रेघ ओढायला तो वाकला, तेवढ्यात अपाने त्याचं मनगट धरलं.

"त्याला रेघ नसते. तू पाहिलंस, झालं."

शनिवारी विसांऐवजी सव्वीस माणसं आली. सातार आबा फाटकातून थेट आत आले आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. सगळे पांढऱ्या रेघांभोवती उभे राहिले. अपाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तळवे उघडले.

"चूल विझू नये," अपा म्हणाली. "उंबरा आल्यागेल्याने झिजावा. या घरातून निघालेलं माणूस वेळेवर घरी यावं. ओमीन."

सव्वीस जणांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मेदेरचे तळवे चेहऱ्यावरच राहिले, उस्ताने कोपराने ढोसेपर्यंत. मग बोकड आला, चरीच्या जागी रक्त पडलं आणि फावडी मातीत शिरली.

दहाच्या सुमारास मेदेरने सहज मागे बघितलं तर अपा आपलं बसायचं बुटकं स्टूल घेऊन अंगणात आली होती. सोडलेल्या कोपऱ्यात, बरोबर मध्यावर तिने ते टेकवलं, डोंगराकडे तोंड करून बसली आणि पाय लांब केले. एप्रिलचं ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं. तीन बाजूंनी काच नव्हती, तरी तिने डोक्यावरचा रुमाल मागे सरकवला होता.

जिपाराने त्याच्या हातात अर्धी वाटी चहा दिला आणि आईकडे नेऊन दे म्हणून खुणावलं. तो गेला. फाटकाच्या बाजूने, तंबूच्या दाराच्या बाहेर, थोरला आणि मधला सोडून तिसऱ्या ठिकाणी त्याचे पाय आपोआप थांबले. वाटी पुढे करायची सोडून तो तसाच उभा राहिला. ही जागा आता रोज इथे असणार, आणि एक दिवस आपल्याला इथे उभं राहायचं आहे, हे त्याला पहिल्यांदाच नीट कळलं. छतापुरते पैसे जमवायला जूनमध्ये पुन्हा येकातेरिनबुर्गला जायचं त्याने ठरवलं होतं. त्या तिकिटाची आठवण झाली आणि भर उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

अपाने डोळ्यांवर हात धरून त्याच्याकडे पाहिलं. तो कुठे उभा आहे हे तिला लगेच कळलं.

"तिथे उभं राहायला अजून वेळ आहे," ती म्हणाली. "हो बाजूला. ऊन अडतंय."